गोव्यातून परदेशी इस्पितळात: हॉस्पिटल फार्मसी फेलोशिपची तयारी, पहिल्या दिवसापासून

परदेशातल्या मोठ्या इस्पितळात तीन-चार महिन्यांची फेलोशिप करून आलेल्या फार्मासिस्टानं तिथे बहुधा एकाही रुग्णाला स्वतःच्या हातानं औषध दिलेलं नसतं. देता येतच नाही. त्या देशाचा परवाना नसतो, आणि पाहुणा म्हणून मिळालेल्या व्हिसावर रुग्णसेवा करायची मुभाही सहसा नसते. अनेकांना हे मुलाखतीच्या दिवशी कळतं, काहींना तर तिथे पोचल्यावर. म्हणून सुरुवात तिथूनच करतो. तुम्ही काम करायला जात नाही, काम कसं चालतं ते बघायला जाता. मग नेमकं काय बघायचं, हे बांबोळीत, म्हापशात किंवा मडगावात बसूनच ठरवावं लागतं. ते ठरलं की अर्ज, पत्र, सुट्टी, व्हिसा ही कामं किचकट असली तरी होण्यासारखी आहेत. ते न ठरवता भरलेला अर्ज वाचणाऱ्याला दुसऱ्या परिच्छेदातच कळतो.

आधी कशासाठी जाताय ते वेगळं करा

अमेरिकेत इस्पितळातल्या फार्मासिस्टाच्या रीतसर प्रशिक्षणाला रेसिडेन्सी म्हणतात. पहिलं वर्ष पीजीवाय-१, दुसरं पीजीवाय-२. ती पगारी असते आणि तिच्यासाठी तिथला परवाना मिळवण्याची पात्रता लागते. परदेशी पदवीधरांचा त्या परवान्याकडे जाणारा रस्ता एनएबीपी या तिथल्या फार्मसी मंडळांच्या संघटनेच्या एफपीजीईसी प्रमाणपत्रावरून जातो, आणि १ जानेवारी २००३ नंतर पदवी घेतलेल्यांना तिथे किमान पाच वर्षांचा फार्मसी अभ्यासक्रम लागतो. आपली चार वर्षांची बी.फार्म. इथेच अडकते. सहा वर्षांची फार्म.डी. या अटीत बसते.

फेलोशिप या नावाखाली अमेरिकेत बहुतेक वेळा संशोधनाच्या किंवा औषध कंपन्यांमधल्या जागा असतात. आपण ज्याबद्दल बोलतोय ती जागा निराळी: परदेशातून आलेल्या नोकरदार फार्मासिस्टाला काही आठवडे किंवा काही महिने इस्पितळाच्या फार्मसी विभागात ठेवून घेणं. कुणी तिला फेलोशिप म्हणतं, कुणी व्हिजिटिंग प्रोग्रॅम, कुणी अटॅचमेंट, कुणी साधी ऑब्झर्व्हरशिप. नावावर जाऊ नका. रोजचं वेळापत्रक कोण ठरवणार, मार्गदर्शक कोण, शेवटी काय सादर करायचं, पैसे कोण कोणाला देणार, या चार प्रश्नांची उत्तरं घ्या. ही जागा परवान्याच्या दिशेनं टाकलेलं पाऊल नाही. तिथे नोकरी लागेल असं सांगणारा एजंट भेटला, तर त्याचा चहा पिऊन घरी या.

कोण अर्ज करू शकतं

बी.फार्म., एम.फार्म. किंवा फार्म.डी., राज्य फार्मसी कौन्सिलची चालू नोंदणी आणि इस्पितळातला दोन-तीन वर्षांचा अनुभव, एवढं बहुतेक ठिकाणी मागतात. गोव्यातली अडचण अशी की सरकारी इस्पितळांत वर्षानुवर्षं अतिशय चांगलं काम करणारे बरेच जण डी.फार्म. आहेत. त्यांच्या अनुभवाला परदेशी अर्जात पदवीची जागा मिळत नाही. फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाचा बी.फार्म. (प्रॅक्टिस) हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम काम करणाऱ्या डिप्लोमाधारकांसाठीच आखलेला आहे. तो सध्या कुठल्या कॉलेजात चालतो याची चौकशी करा. फेलोशिपचा विचार दोन वर्षं मागे पडेल, पण रस्ता तोच.

पणजीचं गोवा कॉलेज ऑफ फार्मसी आपली परंपरा १८४२ पासूनची सांगतं आणि त्याचा अभिमान असणं साहजिकच. अर्जात तो एका ओळीत संपवा. समोरच्याला तुमच्या कॉलेजच्या वयापेक्षा तुमच्या वॉर्डात गेल्या महिन्यात काय घडलं यात रस असतो.

प्रश्न शोधा: हेच खरं काम

‘मला क्लिनिकल फार्मसीत रस आहे’ या वाक्यावर जागा मिळत नाही. ‘आमच्या मेडिसिन वॉर्डात सेफ्ट्रिॲक्सोन हे प्रतिजैविक एवढं वापरलं जातं, त्यातलं किती बहात्तर तासांनंतर पुन्हा तपासलं जातं ते आम्ही मोजलं आणि ते थांबवण्याची पद्धत आमच्याकडे नाही’ या वाक्यावर मिळते. दुसऱ्या वाक्यातून यजमानाला तीन गोष्टी कळतात: तुम्हाला मोजता येतं, तुम्ही काय शिकायला येताय, आणि परत जाऊन ते कुठे वापरणार.

विषय निवडताना माझी एकच कसोटी आहे: यंत्र विकत न घेता ही गोष्ट आपल्या इस्पितळात करता येईल का? तिथली स्वयंचलित औषध कपाटं, बारकोड वाचून औषध देण्याची पद्धत, गोळ्या पाकिटात भरणारे रोबो बघायला मजा येते, पण परत आल्यावर त्यांचं करायचं काय? टेंडर निघेपर्यंत तुम्ही निवृत्त व्हाल. उलट पुढचे विषय कागद, माणसं आणि शिस्त यांवर चालतात.

एक, प्रतिजैविकांच्या वापरावर देखरेख. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ पासून प्रतिजैविकांची ॲक्सेस (नेहमीच्या वापराची), वॉच (जपून वापरायची) आणि रिझर्व्ह (राखून ठेवायची) अशी विभागणी केली आहे. आपल्या स्टोअरची गेल्या वर्षाची इंडेंट, म्हणजे मागणीपत्रं, घेऊन बसा आणि प्रत्येक औषधासमोर गट लिहा. दोन दुपारी जातील, पण त्यातून दिसणारं चित्र बऱ्याच वरिष्ठांनीही पाहिलेलं नसतं.

दोन, दाखल होताना आणि घरी जाताना औषधांचा मेळ घालणं, म्हणजे मेडिकेशन रिकन्सिलिएशन. वाळपई किंवा काणकोणहून गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात, पाठवलेला रुग्ण प्लास्टिकच्या पिशवीत गोळ्या घेऊन येतो: सरकारी दवाखान्याच्या, खासगी डॉक्टरच्या, शिवाय एखादा काढा. या पिशवीचं काय होतं? ती कोण उघडतं, कोण लिहून घेतं? किनारपट्टीवरच्या इस्पितळांत परदेशी पर्यटक आपापल्या देशांच्या ब्रँडची औषधं घेऊन दाखल होतात. हा अनुभव गोव्याबाहेर फार कमी फार्मासिस्टांना मिळतो. तुमच्याकडे असेल तर अर्जात जरूर लिहा.

तीन, धोक्याची औषधं. पोटॅशियम क्लोराइडची तीव्र द्रावणं वॉर्डात ठेवायची की फक्त फार्मसीत, इन्सुलिन आणि हेपॅरिनची दुहेरी तपासणी कोण करतं, नावानं किंवा दिसण्यानं सारखी असलेली औषधं शेल्फवर शेजारी का बसतात. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेनं ‘मेडिकेशन विदाउट हार्म’ हे आव्हान जाहीर केलं, त्यानंतर या विषयावर जगभरची इस्पितळं बोलायला तयार असतात.

चार, केमोची औषधं तयार करणं. हा विषय तुमच्या इस्पितळात कर्करोग विभाग आणि जैवसुरक्षा कॅबिनेट असेल तरच घ्या. आयएसओपीपी या कर्करोग-फार्मासिस्टांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं यासाठी मानकं तयार केली आहेत. अमेरिकन इस्पितळं यूएसपी या तिथल्या औषध-मानकांच्या ग्रंथातल्या ७९७ आणि ८०० या प्रकरणांप्रमाणे चालतात. जाण्याआधी दोन्ही वाचून जा, नाहीतर पहिले पंधरा दिवस गाऊन कसा घालायचा हे शिकण्यातच जातील.

पाच, रक्तातली औषधाची पातळी मोजून मात्रा ठरवणं. व्हॅन्कोमायसिन या प्रतिजैविकासाठी २०२० च्या अमेरिकन मार्गदर्शनात नुसत्या ट्रफ पातळीऐवजी (पुढच्या डोसाआधीची सगळ्यात खालची पातळी) एयूसी (ठरावीक काळात शरीराला एकूण किती औषध मिळालं त्याचं माप) वापरायला सांगितलं आहे. शिकायला सुंदर विषय. पण तुमच्या प्रयोगशाळेतून निकाल त्याच दिवशी येतो का, हे विचारूनच हात घाला.

आता मोजमाप. निदान चार आठवड्यांची स्वतःची आकडेवारी असावी. प्रतिजैविकांसाठी सोपी पद्धत म्हणजे डीडीडी, म्हणजे प्रौढ माणसाची ठरवून दिलेली सरासरी दैनिक मात्रा. सेफ्ट्रिॲक्सोनची डीडीडी २ ग्रॅम आहे. समजा, एका वॉर्डात महिन्याला १ ग्रॅमच्या ६०० व्हायल लागल्या. म्हणजे ६०० ग्रॅम. भागिले २ केलं की ३०० डीडीडी. त्याच महिन्यात वॉर्डाचे खाट-दिवस, म्हणजे रोज भरलेल्या खाटांची बेरीज, १५०० असेल तर ३०० भागिले १५०० गुणिले १०० केल्यावर दर १०० खाट-दिवसांमागे २० डीडीडी येतात. हा एक आकडा जगातल्या कुठल्याही इस्पितळाच्या फार्मासिस्टाला लगेच समजतो. लक्षात ठेवा, लहान मुलांच्या वॉर्डात ही पद्धत वापरू नये, आणि मेरोपेनेमची डीडीडी २०१९ मध्ये २ वरून ३ ग्रॅम झाली, त्यामुळे जुन्या अहवालांशी तुलना करताना घसरायला होतं.

औषधांतल्या चुका मोजत असाल तर एनसीसी मर्प या अमेरिकन परिषदेची, चुकीमुळे किती इजा झाली ते सांगणारी ए ते आय अशी वर्गवारी वापरा. दुष्परिणामांसाठी, त्रास औषधामुळेच झाला का हे ठरवणारे नारांहोचे दहा प्रश्न आणि भारतीय फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रमाचा फॉर्म पुरे. या कार्यक्रमाचं समन्वय केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे आणि तिथे पाठवलेला प्रत्येक अहवाल तुमच्या कामाचा पुरावा असतो. मात्र रुग्णांच्या फायली उघडण्याआधी विभागप्रमुखांची लेखी परवानगी आणि गरज असेल तिथे नीतिसमितीची मंजुरी घ्या. परदेशी परीक्षक हे विचारतातच.

जागा कुठे शोधायच्या

एका संकेतस्थळावर सगळं मिळेल ही आशा सोडा. एफआयपी ही फार्मासिस्टांची जागतिक संघटना १९१२ पासून आहे. तिच्या इस्पितळ-फार्मसी विभागाची २००८ ची बाझल निवेदनं, नंतर सुधारलेली, वाचून ठेवली तर पत्रात आपला प्रश्न जगाच्या भाषेत मांडता येतो. युरोपात इस्पितळ-फार्मासिस्टांची ईएएचपी आणि क्लिनिकल फार्मसीची ईएससीपी, अमेरिकेत याच दोन क्षेत्रांच्या एएसएचपी आणि एसीसीपी. या संघटना स्वतः क्वचितच जागा देतात, पण त्यांच्या परिषदांच्या कार्यक्रमपत्रिका म्हणजे यजमानांची यादीच. तुमच्या प्रश्नावर कुणी निबंध सादर केला? तो ज्या इस्पितळात आहे तिथे पाहुण्या फार्मासिस्टांसाठी काही सोय आहे का? शोध असा उलटा करा. इस्पितळाचं नाव आधी आणि विषय नंतर असा शोध घेणारे सगळे त्याच चार प्रसिद्ध नावांवर जाऊन धडकतात.

ब्रिटनसाठी कॉमनवेल्थ प्रोफेशनल फेलोशिप बघा. ती मधल्या टप्प्यावरच्या नोकरदारांसाठी आहे आणि तिथल्या यजमान संस्थेमार्फत चालते, म्हणून आधी यजमान शोधावा लागतो. कायम नोकरीत राहून संशोधन करणाऱ्यांसाठी आयसीएमआर या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या आंतरराष्ट्रीय फेलोशिपही आहेत. गोव्यातले काही जण सिंगापूरचा विचार करतात आणि मला तो शहाणपणाचा वाटतो: अंतर कमी, भाषा इंग्रजी, आणि रुग्णांची खाण्यापिण्याची, औषधांची सवय आपल्याला ओळखीची.

पोर्तुगालबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याकडे तो प्रश्न निघतोच. तिथे इस्पितळ-फार्मसी ही स्वतंत्र विशेषज्ञता मानली जाते, शिकण्यासारखं भरपूर आहे, पण वॉर्डातलं बोलणं पोर्तुगीजमध्ये चालतं. आजीचं पोर्तुगीज कामाला येत नाही. पणजीत भाषावर्ग चालतात, तिथे वर्षभर नीट शिकायची तयारी असेल तरच हा मार्ग धरा. आणि ज्यांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं आहे त्यांनी ध्यानात ठेवावं: ते घेतल्यावर भारतीय नागरिकत्व राहत नाही, त्यामुळे भारतीय नागरिकांसाठीच्या शिष्यवृत्त्यांना तुमचा अर्ज चालणार नाही. युरोपात राहण्याची मोकळीक मिळते, ती बाजू वेगळी.

पहिलं पत्र

ईमेल एका पडद्यावर मावेल एवढं ठेवा. पहिल्या दोन वाक्यांत तुम्ही कोण आणि कुठल्या प्रकारच्या इस्पितळात आहात. मग प्रश्न आणि आकडा. मग त्या माणसाच्या कामातली एक नेमकी गोष्ट, जी तुम्ही खरोखर वाचली आहे. मग किती आठवडे, साधारण कधी, खर्च कोण करणार. शेवटी एकच विनंती: वीस मिनिटांचा व्हिडिओ कॉल. ‘आदरणीय महोदय, आपल्या विश्वविख्यात संस्थेत’ वगैरे मायना लिहिला तर पत्र तिथेच मिटतं. बायोडाटा दोन पानांचा, त्यात दहावीचे टक्के नकोत. उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण, मग पुढचं नाव.

शिफारसपत्रं दोन-तीन लागतात. त्यातलं एक अशा डॉक्टरचं असू द्या जे वॉर्डात तुमचं म्हणणं ऐकून औषध बदलतात. प्राचार्यांच्या पत्रापेक्षा त्याचं वजन जास्त. डॉक्टरांना रविवारी मजकुराचे मुद्दे पाठवा, नाहीतर तुमचंच पत्र तुम्हाला लिहायला सांगतील आणि ते तुमच्यासारखंच वाचेल.

मुलाखत बहुधा आपल्या संध्याकाळी असते. पावसाळ्यात असेल तर इन्व्हर्टरवर चालणारं इंटरनेट असलेल्या नातेवाइकाच्या घरी जाऊन बसा. प्रश्न साधे असतात: हाच विषय का, परत जाऊन कोण तुमचं ऐकेल, कोणी विरोध करेल? शेवटच्या प्रश्नाला ‘कोणीच नाही’ हे उत्तर कुणालाच खरं वाटत नाही.

नावांचा घोळ आधी मिटवा

कागदपत्रांत गोव्यातल्या माणसाचा सगळ्यात जास्त वेळ नाव खातं. जन्मनोंदीत आडनावाचं जुन्या पोर्तुगीज वळणाचं स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, पदवीवर तिसरं. नाईक, देसाई, कामत, परब या आडनावांची रोमन लिपीतली किती रूपं आपल्याकडे फिरतात ते तुम्हाला ठाऊक आहे. लग्नानंतर मुलीचं पहिलं नावही बदलण्याची आपल्याकडची पद्धत. म्हणजे पदवी एका नावाची, पासपोर्ट दुसऱ्याच. परदेशी संगणकाला हे दोन माणसं वाटतात.

उपाय: पासपोर्ट हा पाया धरा आणि बाकीचं त्याच्याशी जुळवा. किरकोळ स्पेलिंगचा फरक असेल तर एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र बऱ्याचदा चालतं. पूर्ण नाव बदललं असेल तर गोव्यात त्यासाठी १९९० चा नाव व आडनाव बदलाचा वेगळा कायदा आहे, त्याप्रमाणे रीतसर नोंद करून घ्या. कौन्सिलच्या नोंदणीतही तेच नाव हवं, कारण ‘गुड स्टँडिंग’, म्हणजे नोंदणी चालू आणि निर्दोष असल्याचं, प्रमाणपत्र त्याच नावानं निघेल. त्या प्रमाणपत्राला मुदत असते, म्हणून ते फार आधी काढू नका.

अपोस्टिलची, म्हणजे आपला कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून घ्यायच्या साक्षांकनाची, घाईही करू नका. भारत २००५ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या शिक्क्यावर काम होतं, पण त्याआधी शैक्षणिक कागदांना राज्य पातळीवरचं साक्षांकन लागतं आणि मंत्रालयाकडे कागद नेमलेल्या एजन्सीमार्फत जातात. तीन-चार महिन्यांच्या फेलोशिपला अनेक यजमान साध्या स्कॅन प्रतींवर समाधानी असतात. लेखी मागणी आल्यावरच खर्च करा. आणि हे सगळं चतुर्थीच्या आठवड्यात करायला निघू नका. टेबलामागे कोणी नसतं आणि त्यात गैर काहीच नाही.

लसी: सगळ्यात आधी सुरू करायची गोष्ट

विचित्र वाटेल, पण वेळापत्रक लसींवर अडतं. यजमान इस्पितळं हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीन डोस आणि वर रक्तातल्या प्रतिपिंडांचा पुरावा मागतात. पातळी १० मिली-युनिट किंवा जास्त हवी. डोस पहिल्या दिवशी, एका महिन्यानं आणि सहा महिन्यांनी. म्हणजे आज सुरुवात केली तर पुरावा हातात यायला सात-आठ महिने. गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्या यांचे दोन-दोन डोस, नाहीतर प्रतिपिंडांची चाचणी. लहानपणीचं लसपत्रक हरवलं असेल तर रक्तचाचणीनं काम भागतं.

क्षयाच्या बाबतीत सावध. आपल्यापैकी जवळपास सगळ्यांना बीसीजी टोचलेली असते, त्यामुळे मँटू ही त्वचेवरची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते. आयग्रा ही रक्तचाचणी करून घ्या, बीसीजीमुळे ती फसत नाही. ब्रिटनला सहा महिन्यांहून जास्त जाणाऱ्यांना मान्यताप्राप्त केंद्रातून क्षयतपासणीचं प्रमाणपत्र वेगळं लागतं.

सुट्टी आणि खात्याची परवानगी

गोमेकॉत असाल तर फाइल डीनमार्फत जाते. म्हापशाचं आझिलो, मडगावचं हॉस्पिसियो, फोंडा किंवा चिखली इथल्या इस्पितळांत असाल तर कांपालच्या आरोग्य संचालनालयातून. दोन्ही फायली शेवटी आरोग्य खात्याकडेच पोचतात, पण वाट आणि वेग वेगळे. गोवा सरकारच्या सेवेत केंद्रीय रजा नियम, १९७२ चालतात. त्यांप्रमाणे अभ्यासरजेसाठी साधारण पाच वर्षांची सेवा लागते, एका वेळी बारा महिने आणि पूर्ण नोकरीत चोवीस महिने ही सर्वसाधारण मर्यादा आहे, आणि परतून ठरावीक काळ, सहसा तीन वर्षं, सेवा करण्याचा बाँड लिहून द्यावा लागतो. नियमाची अटच आहे की अभ्यासाचा तुमच्या कामाशी थेट संबंध हवा. तुमचा प्रश्न आणि आकडा इथे पुन्हा कामाला येतो: दीड पानात मांडून तो अर्जाला जोडा. सेवा पाच वर्षांहून कमी असेल किंवा मुक्काम सहा-आठ आठवड्यांचाच असेल तर अर्जित रजा हाच सरळ मार्ग. दक्षता खात्याचा दाखला आणि परदेशी जाण्याची परवानगी मात्र दोन्हींत लागते.

खासगी इस्पितळात नियम थोडे पण नकार पटकन. तिथे ‘मी शिकून येतो’ असं म्हणू नका. इस्पितळांना मानांकन देणाऱ्या एनएबीएचच्या औषध-व्यवस्थापन प्रकरणातल्या कुठल्या निकषाला तुमच्या शिकण्याचा उपयोग होईल ते दाखवा.

पैसे

यजमान इस्पितळाकडून मानधन मिळेल हे गृहीत धरू नका. काही जण उलट फी घेतात. सगळ्यात मोठा खर्च राहण्याचा. त्यासाठी इस्पितळाच्या जवळ खोली मिळवून देण्याची विनंती पहिल्याच कॉलमध्ये करा. गोवा सरकारची बिनव्याजी शैक्षणिक कर्जं आणि गोवा स्कॉलर्स योजना पदवीच्या अभ्यासासाठी आखलेल्या आहेत, पदवी नसलेल्या फेलोशिपला त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. फी भरायची झाली तर फक्त संस्थेच्या खात्यात, कुण्या ‘समन्वयका’च्या नाही.

व्हिसा

अमेरिकेसाठी बहुधा जे-१, म्हणजे देवाणघेवाणीवर येणाऱ्या अभ्यागतांचा व्हिसा. यजमान संस्था डीएस-२०१९ हा पात्रतेचा फॉर्म काढते, त्यावर सेव्हिस (अभ्यागतांच्या नोंदणीची) फी २२० डॉलर, मग अर्ज आणि मुंबईच्या वाणिज्य दूतावासात मुलाखत. फॉर्मवर वर्ग कोणता लिहिलाय ते बघा. अल्पकालीन अभ्यासकाच्या (शॉर्ट-टर्म स्कॉलर) वर्गात कमाल मुक्काम सहा महिने. प्रशिक्षणार्थी वर्गात रुग्णसेवा किंवा रुग्णसंपर्काचं काम चालतच नाही, असा नियम आहे; त्या वर्गात ‘क्लिनिकल’ जागा देऊ करणारा चुकतोय किंवा फसवतोय. विम्याची किमान रक्कमही ठरलेली असते: प्रत्येक आजार किंवा अपघातामागे १ लाख डॉलर, आणीबाणीत हलवण्यासाठी ५० हजार, आणि मृतदेह मायदेशी आणण्यासाठी २५ हजार. परतल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची जुनी अट आपल्याकडच्या अनेकांना कौशल्य-यादीमुळे (मायदेशाला गरज असलेल्या कौशल्यांची अमेरिकेनं केलेली देशवार यादी) लागत असे. डिसेंबर २०२४ मध्ये भारताचं नाव त्या यादीतून निघालं. सरकारी पैशांवर जाणाऱ्यांना मात्र ती अजून लागू शकते.

मुलाखतीत ‘परत का येणार’ याचं उत्तर कागदावर असू द्या: रजामंजुरीचा आदेश आणि बाँड. सरकारी नोकराला इथे बाँड शाप न ठरता वर ठरतो.

तिथे गेल्यावर

पहिला आठवडा गोपनीयतेची प्रशिक्षणं, ओळखपत्र आणि संगणकाचे पासवर्ड यांत जातो. त्यानंतर मार्गदर्शकाला सांगा: मला चांगल्या दिवशी काय होतं ते नको, औषध संपतं किंवा संगणक बंद पडतो त्या दिवशी काय होतं ते दाखवा. त्यांच्या बंद-संगणकाच्या दिवसाची कागदी पद्धत आपल्या रोजच्या दिवसाला सगळ्यात जवळची असते.

फॉर्म, चेकलिस्ट, समितीच्या बैठकांची कार्यपत्रिका यांच्या कोऱ्या प्रती परवानगीनं गोळा करा. रुग्णाचं नाव, फोटो, पडद्याचा स्क्रीनशॉट फोनमध्ये चुकूनही नको. एवढ्यावरून फेलोशिप संपलेली आहे. रात्रपाळीला एकदा थांबून बघा. सकाळच्या राउंडवर सगळेच हुशार दिसतात. रात्री दोनला एकटा फार्मासिस्ट काय करतो त्यातून पद्धत कळते. आणि तंत्रज्ञांशी बोला. मिश्रणं तयार करणं, ट्रॉली भरणं ही कामं तिथे प्रशिक्षित तंत्रज्ञ करतात, आणि आपल्याकडे फार्मासिस्टाचा दिवस नेमका त्याच कामांत जातो.

दर शुक्रवारी एक पान लिहा: काय पाहिलं, आपल्याकडे काय जमेल, त्यासाठी कोणाची सही लागेल. तिसरा रकाना रिकामा राहिला तर ती कल्पना बाजूला ठेवा.

परत आल्यावर

पहिल्या महिन्यात एकच वॉर्ड, एकच बदल. प्रतिजैविकांचा विषय असेल तर तिसऱ्या दिवशी फायलीवर चिकटवायची पुनर्तपासणीची चिठ्ठी, एवढंच. वॉर्डाच्या सिस्टर-इन्चार्जना आधी विश्वासात घ्या, मग डॉक्टरांना; उलट क्रमानं गेलात तर चिठ्ठ्या ड्रॉवरमध्ये राहतील. तीन महिन्यांनी जाण्याआधी मोजलेला आकडा त्याच पद्धतीनं पुन्हा मोजा आणि औषध समितीपुढे दोन्ही ठेवा. कमी झाला नसेल तरी ठेवा, आणि का झाला नाही ते सांगा. तोच तक्ता यजमानांना पाठवा आणि त्याच ईमेलमध्ये तुमच्या विभागातल्या पुढच्या सहकाऱ्यासाठी विचारणा करा. गोव्यातून एक माणूस नीट काम करून गेला असेल तर दुसऱ्याला उत्तर लवकर येतं.

अभ्यासरजेवर गेलेल्यांनी फेलोशिप पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र, तारखांसह, रुजू होतानाच आस्थापना शाखेत द्यावं आणि सर्व्हिस बुकात नोंद झाल्याची स्वतः खातरजमा करावी. बोर्डिंग पास तोवर फेकू नयेत.